आमदारांचे पीए म्हणून पहिलं अधिवेशन: सकाळपासून रात्रीपर्यंत काय करायचं

तुम्ही नुकतेच एखाद्या आमदारांचे स्वीय सहायक म्हणून रुजू झाला असाल आणि पहिलं अधिवेशन तोंडावर आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मतदारसंघातलं ऑफिस सांभाळणं वेगळं आणि विधानभवनातला दिवस निभावणं वेगळं. गावाकडे तलाठ्यापासून प्रांतांपर्यंत सगळे तुम्हाला आवाजावरून ओळखतात. नरिमन पॉइंटला गेटवरचा पोलीस फक्त गळ्यातला पास बघतो. आत गेल्यावर कोणता कागद कोणत्या खिडकीत द्यायचा, किती वाजेपर्यंत द्यायचा, नाकारला तर पुढे काय, हे कुठे पाटीवर लिहिलेलं नसतं.

नव्या आमदारांचे प्रशिक्षण वर्ग होतात, त्यासाठी विधानमंडळाचं वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. पीए मात्र बहुतेक वेळा जुन्या पीएंच्या मागे फिरून शिकतो. मीही तसाच शिकलो. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे क्रमाने देतो आहे.

राज्यात वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. विधानसभेचे सदस्य २८८, विधानपरिषदेचे ७८. मी विधानसभेच्या सदस्याचा पीए डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. परिषदेचं काम याच धर्तीवर चालतं, पण नियमांचे क्रमांक वेगळे असतात. तेव्हा परिषदेच्या सदस्याकडे असाल तर त्या सभागृहाचं नियमांचं पुस्तक स्वतंत्र घ्या.

१. आधी आपल्या कामाची हद्द ओळखा

पीएला सभागृहात प्रवेश नाही. बोलणार आमदार, सही करणार आमदार, शब्द देणार आमदार. आपलं काम त्यांच्या हातात वेळेवर योग्य कागद देणं आणि त्या कागदाचं पुढे काय झालं हे शेवटपर्यंत बघणं. सभागृहात चांगलं भाषण झालं म्हणून गावातला प्रश्न सुटत नाही. शासनाला लेखी उत्तर द्यावं लागेल अशा रीतीने तो मांडला गेला आणि नंतर कोणीतरी त्याच्या मागे लागलं, तर सुटतो. ते मागे लागणं तुमच्याकडे आहे.

मानधन विधानमंडळाकडून येतं. २०२२ साली ते दरमहा २५ हजारांवरून ३० हजार करण्यात आलं. मुंबईत राहून घर चालवायचं तर हे पैसे पुरत नाहीत. रुजू होण्याआधी राहण्याची, प्रवासाची आणि जेवणाची सोय कशी होणार हे साहेबांशी किंवा ताईंशी स्पष्ट बोलून घ्या. संकोच करू नका. पैशाची ओढाताण असलेल्या पीएला जाळ्यात ओढायला माणसं टपलेली असतात, त्याबद्दल पुढे सांगतोच.

२. सोबत काय हवं

पाससाठी: आमदारांचं पत्र, तुमचं ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचे फोटो. अर्ज अधिवेशनाच्या आठवडाभर आधी विधानमंडळाच्या सचिवालयात द्या. चालकाचा आणि गाडीचा पास वेगळा असतो. मतदारसंघातून कोणाला कामकाज बघायला आणायचं असेल तर प्रेक्षक गॅलरीचा पास आमदारांच्या पत्रावर आधी काढावा लागतो. "आम्ही गेटवर आलोय, आत घ्या" असा फोन रोज येईल. जुलै २०२५ मध्ये विधानभवनाच्या लॉबीत कार्यकर्त्यांची हाणामारी झाली, त्यानंतर अध्यक्षांनी सदस्य, त्यांचे अधिकृत पीए आणि शासकीय अधिकारी एवढ्यांनाच प्रवेश ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे माणसं निघण्याआधीच त्यांना खरी परिस्थिती सांगा. तीनशे किलोमीटरवरून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला गेटबाहेर उन्हात उभं ठेवणं बरं नाही.

बॅगेत कायम असावं ते असं:

- कोरी लेटरहेड, शिक्का, जावक रजिस्टर
- विधानसभा नियमांचं पुस्तक
- मतदारसंघाची एक फाईल: गावांची यादी, ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं, रस्त्यांचे प्रकार आणि क्रमांक, पाणी योजना, तलाव, रिक्त पदं
- मागच्या अधिवेशनात दिलेल्या प्रश्नांची उत्तरं, तारखेप्रमाणे लावलेली
- पेन ड्राइव्ह, चार्जर, स्टेपलर, आणि साहेबांची औषधं

ती मतदारसंघाची फाईल घरी बसून एकदाच नीट करा. रस्ता ग्रामीण मार्ग आहे, इतर जिल्हा मार्ग आहे की राज्यमार्ग, हे माहीत नसेल तर प्रश्न चुकीच्या खात्याला जातो आणि सबंध अधिवेशन वाया जातं.

३. खरं काम अधिवेशनाआधी: प्रश्नाचा मसुदा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण नवा पीए इथेच मार खातो.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. सचिवालय अधिवेशनाआधी वेळापत्रक काढतं. कोणत्या खात्याचा प्रश्न कोणत्या वारी येणार आणि त्याची सूचना कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, हे त्यात असतं. शेवटची तारीख अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी येते. अधिवेशन सुरू झाल्यावर तारांकित प्रश्न द्यायला निघालात, तर ते दार बंद झालेलं असतं. सूचना ऑनलाईन भरायची असल्याने शेवटच्या दिवसाची वाटही बघू नका, त्या दिवशी सगळे एकदमच भरत असतात.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. "सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" अशी सुरुवात. मग (१) मध्ये वस्तुस्थिती आणि शेवटी "हे खरे आहे काय". पुढचे सगळे भाग "असल्यास" ने सुरू होतात. खोच आहे ती इथेच. पहिल्या भागाला "हे खरे नाही" असं उत्तर आलं की पुढच्या सगळ्या भागांसमोर एकच ओळ छापून येते: "प्रश्न उद्भवत नाही."

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातलं सोनोग्राफी मशीन बंद आहे. कार्यकर्ता तुम्हाला असा मसुदा पाठवतो:

"(१) अमुक ग्रामीण रुग्णालयातील सोनोग्राफी यंत्र गेल्या दोन वर्षांपासून प्रशासनाच्या हलगर्जीपणामुळे बंद असून त्यामुळे गरोदर महिलांचे अतोनात हाल होत आहेत व खासगी केंद्रांची चांदी होत आहे, हे खरे आहे काय?"

मनातली चीड खरी आहे, पण यात चार वेगवेगळी विधानं आहेत. मशीन एकोणीस महिने बंद असेल तर दोन वर्षं खोटं ठरतं. हलगर्जीपणा कुठलंही खातं कबूल करणार नाही. चारातलं एक विधान नाकारलं की सगळं नाकारता येतं. खात्यात उत्तर लिहिणारा अधिकारी ही फट अचूक शोधतो, ते त्याचं कामच आहे.

हाच प्रश्न असा लिहा:

"(१) अमुक ग्रामीण रुग्णालयातील सोनोग्राफी यंत्र बंद असल्याचे माहे अमुक मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर यंत्र कोणत्या दिनांकापासून व कोणत्या कारणास्तव बंद आहे, (३) सदर यंत्र हाताळण्यासाठी आवश्यक पद मंजूर आहे काय व ते केव्हापासून रिक्त आहे, (४) उक्त कालावधीत किती गरोदर महिलांना सोनोग्राफीसाठी अन्यत्र पाठविण्यात आले, (५) यंत्र सुरू करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?"

पहिल्या भागात एकच वस्तुस्थिती, तीही कागदावर सिद्ध होणारी. "वा त्यादरम्यान" हे शब्द विसरू नका, तारीख दोन दिवस मागेपुढे असली तरी प्रश्न तरतो. विशेषणं सगळी काढली, हाल झाले हे चौथ्या भागातल्या आकड्यातून आपोआप बाहेर येईल. आणि हा प्रश्न देण्याआधी तुमच्या फाईलमध्ये पुरावा असू द्या: वैद्यकीय अधीक्षकांचं पत्र, रुग्ण कल्याण समितीच्या सभेचं इतिवृत्त, माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर, यांपैकी काहीही. वर्तमानपत्राचं कात्रण सुरुवात म्हणून ठीक आहे. पण बातमीतला आकडा स्वतः तपासल्याशिवाय प्रश्नात घालू नका.

उत्तरात "हे अंशतः खरे आहे" असं आलं तर खूश व्हा. खात्याने काहीतरी मान्य केलं आहे. उपप्रश्न तिथेच लावायचा: कोणता अंश खरा?

खातं कोणतं, हे पुन्हा पुन्हा तपासा. ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडे, पण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकासकडे, जिल्हा परिषदेची शाळा शालेय शिक्षणकडे. लहान तलाव मृद व जलसंधारणकडे जाईल, मोठा प्रकल्प जलसंपदाकडे. रेल्वे हा केंद्राचा विषय, त्यावर राज्याच्या मंत्र्याला प्रश्न टाकलात तर तो स्वीकारलाच जाणार नाही. न्यायप्रविष्ट बाबींचंही तसंच.

एकाच विषयावर अनेक सदस्यांनी प्रश्न दिले की सगळ्यांची नावं एका प्रश्नाखाली एकत्र छापून येतात. आपल्या साहेबांचं नाव यादीत खाली आलं म्हणून नाराज होऊ नका. नाव असलं की उपप्रश्नासाठी उभं राहायचा आधार मिळतो.

४. सकाळ: आमदार निवासावर

सहाला उठायची सवय करा. आकाशवाणी आमदार निवासात असाल तर साडेसातपासून दारात माणसं असतात. त्याआधी दोन कामं उरका: मतदारसंघाच्या जिल्हा आवृत्त्या चाळा, आणि रात्री आलेले मेसेज बघून निकडीचे वेगळे काढा. अपघात, आग, गारपीट, शाळेतली विषबाधा असं काही रात्रीत घडलं असेल तर ते साहेबांना पहिल्या चहाबरोबर कळलं पाहिजे. सभागृहाच्या पायऱ्यांवर पत्रकारांनी विचारल्यावर कळता कामा नये.

भेटायला येणाऱ्यांत रुग्णांचे नातेवाईक सगळ्यात जास्त असतात. त्यांना "बघतो" म्हणून बसवून ठेवू नका, नेमकं काय आणायचं ते कागदावर लिहून द्या. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीसाठी विहित अर्ज, रुग्णाचं आधार कार्ड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, आजाराचे रिपोर्ट आणि रुग्णाचा जिओ टॅग फोटो लागतो. रुग्णालय त्या निधीच्या यादीत आहे का, हे सगळ्यात आधी बघा. त्याच्याही आधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो आजार बसतो का ते पाहा, कारण बसत असेल तर निधीसाठी धावाधाव करायची गरजच नाही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात, हे अनेक नातेवाइकांना ठाऊकच नसतं. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकाला फोन करताना रुग्णाचं नाव, वॉर्ड आणि नोंदणी क्रमांक हातात ठेवा. त्याशिवाय केलेला फोन वाया जातो.

नऊच्या आत भेटी आवरत्या घ्या.

५. विधानभवनात पोहोचल्यावर

विधानसभेची बैठक साधारणपणे अकराला सुरू होते, पण लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्यांचं निवेदन मागणाऱ्या सूचना) जास्त असल्या की सकाळी विशेष बैठकही लावली जाते. त्यामुळे आदल्या रात्री जाहीर झालेली वेळ बघूनच निघा.

आत गेल्यावर पहिलं काम: त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका आणि प्रश्नोत्तरांची यादी घ्या. आपल्या साहेबांचं नाव जिथे जिथे आहे तिथे रंगीत पेनाने खूण करा. प्रश्न, लक्षवेधी, कागदपत्रं ठेवणं, विधेयक, पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर शासनाने मागितलेला जादा खर्च), चर्चा, सगळीकडे बघा. मग एका कागदावर क्रम लिहा आणि तो कागद पत्रिकेच्या वर लावा.

प्रश्नोत्तराच्या तासात सुरुवातीचे मोजके प्रश्नच तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं छापील मिळतात. आपला प्रश्न वरच्या क्रमात असेल तर साहेबांच्या हातात एक पान द्या. एकच. मोठ्या अक्षरात. त्यावर खात्याने दिलेल्या उत्तराचं सार दोन ओळींत, त्यात जे सांगितलेलं नाही ते एका ओळीत, आणि तीन उपप्रश्न. पहिल्या उपप्रश्नात तारीख मागा: "यंत्र कोणत्या तारखेपर्यंत सुरू होईल?" उभं राहिल्यावर गोंधळ असतो, मध्येच दुसरे सदस्य बोलतात, अध्यक्ष पुढे सरकतात. तीनपैकी एकच विचारायला मिळालं तरी ते तारखेचं असावं. मंत्र्यांनी तारीख सांगितली की ती कामकाजात नोंदली जाते आणि त्यावर पुढे बोट ठेवता येतं.

कामकाज सुरू असताना तुम्ही जिथे थांबाल तिथे थेट प्रक्षेपण ऐका. मंत्री "करतो", "करू", "तपासून घेऊ", "बैठक लावू", "एक महिन्यात करू" असं जे जे म्हणतील ते वेळेसकट वहीत उतरवा. रात्री याच नोंदी कामाला येतात.

६. कोणता मुद्दा कोणत्या आयुधाने

सदस्यांच्या हातात असलेल्या या मार्गांना विधानभवनात सगळे आयुधंच म्हणतात. नव्या माणसाला ती सारखीच वाटतात. कोणतं कधी, हे मोटामोटी असं ठरवा.

विषय तातडीचा, लोकांच्या हिताचा आणि मंत्र्यांनी निवेदन करावं असा असेल तर लक्षवेधी सूचना, विधानसभेत नियम १०५. हिचा मजकूर एका लांबलचक वाक्यात असतो: जागा, घटना, परिणाम, लोकांमधला असंतोष, आणि शेवटी "याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही व शासनाची प्रतिक्रिया". सूचना रोज ढीगभर येतात, स्वीकारल्या जातात त्या थोड्या. ज्या सूचनेत गाव, तारीख आणि नुकसानीचा आकडा स्पष्ट असतो तिला उजवी संधी मिळते, असा माझा अनुभव आहे. स्वीकारली गेली नाही तर तोच विषय दुसऱ्या दिवशी नव्या माहितीसह पुन्हा द्या.

मुद्दा छोटा आणि त्याच दिवशी सभागृहाच्या कानावर घालायचा असेल तर औचित्याचा मुद्दा. यावर मंत्री लगेच उत्तर देतीलच असं नाही, म्हणून त्यासोबत खात्याला स्वतंत्र पत्रही द्या.

सगळं कामकाज थांबवून चर्चा व्हावी इतकी गंभीर घटना असेल तर नियम ९७ चा स्थगन प्रस्ताव. तो बहुधा पक्षाच्या पातळीवर ठरतो, आपण परस्पर देऊ नये. नियम २९३ ची सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची चर्चा, अर्थसंकल्पी अधिवेशनातल्या कपात सूचना (खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा म्हणणाऱ्या), पुरवणी मागण्यांवरची भाषणं यांतही मतदारसंघाचा विषय बसवता येतो. पुरवणी मागण्यांचं पुस्तक आलं की आपल्या तालुक्याचं नाव कुठे आहे का ते त्याच संध्याकाळी शोधा.

अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक, द्यायची साहेबांची इच्छा असेल तर विधानभवनाच्या ग्रंथालयात बसा. तिथल्या लोकांची मदत होते, जुनी विधेयकं आणि कामकाजाचे खंड बघायला मिळतात. त्या ग्रंथालयाचा उपयोग पीए मंडळी फारच कमी करतात, याचं मला वाईट वाटतं. वीस वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्याच्या धरणाबद्दल कोणत्या मंत्र्याने काय सांगितलं होतं, हे तिथे सापडतं आणि सभागृहात ते वाचून दाखवलं की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

७. दुपार: दालनं, शेरे आणि मंत्रालय

अधिवेशनात मंत्री विधानभवनातल्या आपल्या दालनात सापडतात. एरवी ज्या सहीसाठी महिना जातो ती इथे दहा मिनिटांत होते. म्हणून रोज पाच-सहा पत्रं तयार ठेवा आणि साहेब सभागृहातून बाहेर आले की त्यांना योग्य दालनात घेऊन जा. एका पत्रात एकच विषय. चार गावांचे रस्ते एका पत्रात घातले की ते चार टेबलांवर फिरतं आणि कुठेच पुरं होत नाही.

मंत्र्यांनी पत्रावर मारलेला शेरा वाचायला शिका. "नियमानुसार कार्यवाही करावी" याने खात्यावर फारसं बंधन येत नाही. "तपासून प्रस्ताव सादर करावा" असा शेरा असेल तर फाईल तयार होऊन वर जावी लागते. "तातडीने बैठक आयोजित करावी" असेल तर बैठकीची तारीख मागायला तुम्ही दुसऱ्याच दिवशी जाऊ शकता. शेरा मिळाला की मूळ पत्राचा फोटो काढा, प्रत ठेवा, आणि ते पत्र दालनातून खात्यात कोणत्या क्रमांकाने गेलं ते विचारून घ्या. शेरा मिळाल्याच्या आनंदात मूळ पत्र टेबलावर सोडून येणं हा नेहमीचा सापळा आहे.

मग मंत्रालय, चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे कक्ष अधिकाऱ्याला भेटा. नव्या पीएला वाटतं सचिवांना भेटलं की काम होईल. फाईल सुरू होते ती कार्यासनावर, सहायक कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर, आणि मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते. खाली त्रुटी निघाली तर वरून कितीही फोन आले तरी ती परत खालीच येते. "साहेब, प्रस्तावात काय कमी आहे?" हा प्रश्न नम्रपणे विचारा. बहुतेक वेळा जिल्ह्यातून आलेल्या प्रस्तावाला एखादा दाखला, तांत्रिक मान्यता किंवा जागेचा सातबारा जोडलेला नसतो. ते कळलं की त्याच मिनिटाला जिल्ह्यात फोन लावा.

प्रत्येक पत्राची पोच घ्या. पोच नसलेलं पत्र दिलं नाही असंच धरलं जातं.

८. संध्याकाळ आणि रात्र

कामकाज कधी संपेल याचा नेम नसतो. विधेयकं रेटायची असली की रात्रीचे दहाही वाजतात. साहेब आत आहेत तोवर तुम्ही बाहेर. मधल्या वेळात दुसऱ्या दिवशीच्या सूचना टाईप करून, सही घेऊन, ठरलेल्या वेळेआधी दाखल करा.

रात्री झोपण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा: आज सभागृहात कोणतं आश्वासन मिळालं, कोणतं पत्र कुठे दिलं, आणि मतदारसंघात कोणाला काय कळवायचं. तिसरी फार महत्त्वाची. गावातल्या ज्या आशा सेविका ताईंनी सोनोग्राफीची तक्रार पोहोचवली, त्यांना मंत्र्यांनी काय उत्तर दिलं हे त्याच रात्री कळवा. पुढच्या वेळी खरी माहिती तुमच्यापर्यंत पहिली आणणाऱ्या त्याच असतात.

सभागृहातल्या भाषणाची प्रत लागली तर सचिवालयाकडून मिळते, पण आधी मिळणारी प्रत असुधारित असते. ती छापायला किंवा पसरवायला देऊ नका.

९. नागपूरला जाताना

डिसेंबरमध्ये सगळा कारभार नागपूरला हलतो. मूळ १९५३ च्या नागपूर करारात आहे. विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोची तिकिटं तारीख जाहीर होताच काढा. आमदार निवासातल्या खोलीचं पत्र आधी द्या. थंडी चांगलीच असते, गरम कपडे घ्या. मोर्च्यांमुळे रस्ते बंद असतात, म्हणून सकाळी अर्धा तास जादा धरा. आपल्या मतदारसंघातले लोक एखाद्या मोर्च्यात आले असतील तर साहेबांनी तिथे जाऊन त्यांचं निवेदन घेतलंच पाहिजे, ही आठवण तुम्ही करून द्यायची.

१०. हे सापळे टाळा

कोऱ्या लेटरहेडवर आगाऊ सह्या घेऊन ठेवू नका. साहेब स्वतःहून देत असले तरी नको म्हणा. असं एक पत्र चुकीच्या हाती लागलं तर नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. साहेबांची सही तर स्वतः कधीच करू नका.

कोणीतरी टाईप केलेला तयार प्रश्न घेऊन येईल. एखादा ठेकेदार, एखादा व्यापारी, कधी एखादा अधिकारीसुद्धा. "फक्त टाकून द्या" म्हणेल आणि पाकीट पुढे करेल. पाकीट परत करा, आणि हे साहेबांना त्याच दिवशी सांगा. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेतून ११ खासदारांना काढण्यात आलं. सभागृहातला प्रश्न लोकांचा असतो, तो विकणं म्हणजे लोकांच्या तोंडचा शब्द विकणं आहे.

ऑनलाईन सूचनांचं लॉगिन आणि पासवर्ड कोणालाही देऊ नका, ऑफिसातल्या दुसऱ्या मुलालाही नाही.

बदलीच्या शिफारशींपासून जपून राहा. कर्मचाऱ्याने राजकीय दबाव आणणं वर्तणूक नियमांत बसत नाही आणि बदल्यांसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्या पत्राने त्या कर्मचाऱ्याचंच नुकसान होऊ शकतं, हे त्याला समजावून सांगा. आजारपण, पती-पत्नी एकत्रीकरण अशी खरी अडचण असेल तर त्याने स्वतः कागदांसह योग्य मार्गाने अर्ज करावा.

११. अधिवेशन संपल्यावर

पहिल्या आठवड्यातच आश्वासनांचा तक्ता करा: तारीख, विषय, मंत्री, नेमके शब्द, खातं, कार्यासन. सभागृहात दिलेल्या आश्वासनाची पूर्तता ९० दिवसांत होणं अपेक्षित असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती आहे. तीस दिवसांनी खात्याला पहिलं स्मरणपत्र, साठाव्या दिवशी दुसरं, आणि त्यानंतर साहेबांच्या सहीने समितीला पत्र. स्मरणपत्रात मंत्र्यांचे शब्द जसेच्या तसे आणि तारखेसह घाला.

आमदार स्थानिक विकास निधीची कामंही याच काळात मार्गी लावा. निधी वर्षाला ५ कोटी आहे. पण पत्र, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता या साखळीत महिने जातात, आणि मार्च जवळ आला की जिल्हा नियोजन कार्यालयात सगळ्यांचीच गर्दी होते. दिवाळीच्या आत पत्रं गेलेली बरी.

मिळालेल्या प्रत्येक उत्तराची छापील प्रत त्या त्या गावी पोहोचवा, सरपंच, ग्रामसेवक आणि मूळ तक्रारदार या तिघांना. उत्तर चुकीचं असेल तर गावकरीच आधी ओळखतात. "मशीन दुरुस्त करण्यात आले आहे" असं छापून आलं आणि खोलीला अजून कुलूप असेल, तर तारखेसह फोटो मागवून घ्या. पुढच्या अधिवेशनाच्या तारांकित प्रश्नाचा पहिला भाग तुम्हाला तिथे मिळाला.